टाकी गळाली तर माशांची तात्पुरती सोय कशी करायची

तात्पुरत्या टाकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न भांड्याचा येतो. टब चालेल का, पिंप चालेल का, बाथरूममधली मोठी बादली चालेल का? चालेल. माशाला काच लागत नाही. त्याला लागतं ओळखीचं पाणी, पुरेशी हवा आणि चालता फिल्टर. गडबडीत यातला फिल्टर हमखास मागे राहतो. मग होतं असं, की पहिल्या रात्री सगळे मासे ठणठणीत असतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेक मासा वर येऊन घुटके घ्यायला लागतो. खापर फुटतं टबाच्या प्लॅस्टिकवर. खरं कारण बहुतेक वेळा अमोनिया असतं.

पुढे लिहिलंय ते गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीसाठी आहे. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, गोल्डफिश, सकर, ऑस्कर असा नेहमीचा संसार. हिशेबाला सोपं जावं म्हणून तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरू. ९० × ३० × ४५ सेंटिमीटरचा गुणाकार करून १००० ने भागलं की १२१ लिटर येतात. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपास.

आधी बघा, मासे हलवायची गरज आहे का

सगळ्यात आधी वीज. हीटर, फिल्टर, दिवा, सगळ्यांचे प्लग काढा. पाणी उतरून हीटर उघडा पडला आणि चालूच राहिला तर त्याची काच तडकते. स्टँडमागे एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेला असेल तर ओल्या लादीवर उभं राहून त्याला हात लावू नका, मेन स्विच बंद करा.

मग गळती कुठे आहे ते शोधा. पाण्याच्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टी लावा आणि अर्ध्या तासाने बघा. गळती काचांच्या सांध्यातून असेल आणि सांधा तळापासून बराच वर सुटला असेल, तर पाणी त्या जागेच्या चार बोटं खाली आणा. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, त्यामुळे पातळी उतरली की बहुतेक वेळा गळती थांबते आणि मासे दोन-तीन दिवस त्याच टाकीत, कमी पाण्यात काढू शकतात. त्यांच्यासाठी यापेक्षा कमी त्रासाचा मार्ग नाही. लोक हे न बघताच जाळी हातात घेतात.

दोन बाबतींत मात्र थांबायचं नाही. एक, गळती तळाच्या सांध्यातून असेल तर. दोन, सांधा नव्हे तर काचच तडकली असेल तर. तडा कधी पुढे सरकेल याचा भरवसा नसतो. आणि काहीही झालं तरी पाण्यासकट टाकी उचलायला जाऊ नका. १०० लिटर म्हणजे १०० किलो, वर काच आणि खडी वेगळी.

भांडं

उंच पिंपापेक्षा पसरट टब बरा. हवा पाण्यात मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून. तेवढंच पाणी पसरट भांड्यात असलं की पृष्ठभाग जास्त मिळतो. मूळ पाण्याच्या निदान निम्मं पाणी मावेल असं भांडं शोधा, म्हणजे आपल्या उदाहरणात ५०-६० लिटरचं. एक मोठं मिळालं नाही तर दोन लहान घ्या. भांडखोर मासे वेगळे ठेवायला ते उलट सोयीचंच पडतं.

घरात सहसा काय सापडतं? पाणी साठवायचं निळं पिंप, कपड्यांचा टब, पिकनिकचा आइसबॉक्स, कपडे-खेळणी ठेवायचा झाकणाचा पारदर्शक डबा. शेवटच्या डब्याच्या भिंती पाण्याने बाहेर फुगतात, म्हणून तो अर्धाच भरा आणि भिंतीला टेकवून ठेवा. मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका तापमान छान धरतो. पण त्याला वास असतो आणि तो झिरपू शकतो, म्हणून आत जाड, कोरी प्लॅस्टिकची पिशवी अंथरा. अगदीच काही नसेल तर भाजीच्या क्रेटमध्ये नवी, रंग न सुटणारी प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरून २०-२५ लिटर पाणी धरता येतं.

तांब्या-पितळेचं घंगाळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली मात्र नको. तांबं आणि जस्त पाण्यात उतरतात. माशांना ते बाधतं आणि कोळंबी-गोगलगायींना तर फारच थोडं तांबं पुरतं. रंग, फिनेल, ॲसिड किंवा खताचं पिंप कितीही धुतलं तरी वापरू नये. कपड्यांच्या टबात साबणाचा अंश असतो. तो साबणाने धुऊन जाणार नाही हे उघडच आहे. जाड्या मिठाने आतून घासा, चार पाण्यांनी खंगाळा आणि हात फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा.

भांडं रिकामं असतानाच त्याच्या कायमच्या जागी न्या. जमिनीवर, कोपऱ्यात, ऊन येणार नाही आणि स्वयंपाकाची फोडणी पोचणार नाही अशा ठिकाणी. टीपॉयवर नको.

पाणी

टाकीतलं जुनं पाणी फेकू नका. फायद्याचे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरमध्ये असतात, हे खरं. तरी जुन्या पाण्याचा पीएच, कठीणपणा आणि तापमान माशाच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याच पाण्यात मासा सोडला तर त्याला धक्का बसत नाही आणि जुळवून घेण्यासाठी पिशवी तरंगवत बसावं लागत नाही.

खडी ढवळली जाण्याआधी, सामान काढण्याआधी, वरचं स्वच्छ पाणी सायफनने थेट टबात घ्या. नळी तोंडाने ओढू नका. पूर्ण नळी टाकीत बुडवून पाण्याने भरा, एका टोकावर अंगठा दाबा, ते टोक खाली टबात आणा आणि अंगठा सोडा. तळाचं शेवटचं बोटभर पाणी गाळाचं असतं, ते जाऊ द्या.

कमी पडेल तेवढंच नळाचं पाणी घाला, पण क्लोरीन काढून. २४ तास हवा सोडून ठेवलं तरी क्लोरीन उडतो, पण अडचणीच्या वेळी तेवढा वेळ नसतो. दुकानातलं अँटी-क्लोरीन किंवा हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे घरात असलेले बरे. १० ग्रॅम खडे १०० मि.ली. पाण्यात विरघळवून काळ्या बाटलीत ठेवा. या द्रावणाचा १ मि.ली. साधारण १० लिटर नळाच्या पाण्याला पुरतो. टँकरचं पाणी असेल, किंवा सोसायटीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर दुप्पट घाला.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी ते बहुधा कठीण असतं आणि जमिनीतून येताना त्यात ऑक्सिजन कमी असतो. काही तास हवेचे बुडबुडे सोडूनच वापरा. प्युरिफायरचं आरओ पाणी स्वच्छ असतं म्हणून नुसतं तेच भरायचा मोह होतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे नुसतं नको. जुन्या पाण्यात थोडं मिसळलं तर हरकत नाही.

फिल्टर

खरं काम इथे आहे, घाई करू नका.

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नव्या कोऱ्या फिल्टरचा टबात पहिल्या आठवड्यात उपयोग फक्त पाणी हलवण्यापुरता. जुना, मळका, चॉकलेटी पाणी सोडणारा स्पंजच तुमचे मासे वाचवणार.

म्हणून तो ओला राहिला पाहिजे, त्याला हवा मिळत राहिली पाहिजे आणि नळाच्या धारेखाली तो अजिबात जाता कामा नये. 'आता काढलाच आहे तर धुऊन घेऊ' हा विचार मनात आला तर बाजूला ठेवा. फार तुंबलाच असेल तर टाकीतल्या जुन्याच पाण्यात दोनदा दाबा, बस.

आतला पॉवर फिल्टर किंवा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर असेल तर तो उचलून टबात ठेवला की झालं. टाकीच्या काठावर अडकवायचा किंवा वरच्या ट्रेचा फिल्टर टबाच्या कडेला बसत नाही. त्याचा स्पंज आणि रिंगा काढून जाळीदार पिशवीत भरा (कांद्याची नवी जाळी चालते) आणि एअर स्टोनच्या, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावलेल्या बुडबुडे सोडणाऱ्या खड्याच्या अगदी वर, बुडबुडे पिशवीतून जातील अशा टांगा. बंद डब्याचा कॅनिस्टर असेल तर वीज बंद झाल्या झाल्या झाकण उघडा. आत पाणी नुसतं उभं राहिलं तर काही तासांत ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि मग तेच कुजकं पाणी पंप सुरू झाल्यावर माशांवर येतं.

याहून चांगलं काम करायचं असेल तर एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा फिल्टर दहा मिनिटांत होतो. बाटलीच्या खांद्याजवळ, वरच्या निम्म्या भागात, तापवलेल्या सुईने भरपूर छिद्रं पाडा. तळाला चार धुतलेले खडे टाका म्हणजे ती तरंगणार नाही. बोटाएवढ्या जाडीची कडक प्लॅस्टिकची नळी तोंडातून तळापर्यंत घाला, वरचं टोक बाटलीबाहेर दोन-तीन इंच राहू द्या. नळीभोवती जुन्या रिंगा आणि स्पंजचे तुकडे भरा. आता एअर पंपाची बारीक नळी या जाड नळीच्या आतून खालपर्यंत सोडा आणि बाटली टबात बुडवा. बुडबुडे नळीतून वर येताना पाणी वर ओढतात, त्यामुळे बाहेरचं पाणी छिद्रांतून आत शिरून मीडियातून, म्हणजे या रिंगा-स्पंजांतून खाली येतं. नळीच्या तोंडातून पाण्याचा उमाळा येत असेल तर फिल्टर चालतोय. नुसती हवाच सुटत असेल तर बारीक नळी तळापर्यंत पोचलेली नाही.

दुकानात 'बॅक्टेरिया'च्या बाटल्या मिळतात. काही चालतात, काही नुसतंच पाणी. त्यावर विसंबून जुना मीडिया फेकू नका एवढंच. ओळखीच्या कुणाकडे निरोगी टाकी असेल तर तिच्यातला चालू स्पंज मागून आणणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा खात्रीचं. आणि मासे हलवले की सवयीने निळं औषध टाकायची पद्धत आहे, ती सोडा. मासा आजारी नसताना मिथिलीन ब्लू घातलं तर ते फिल्टरच्या जिवाणूंना बाधतं, म्हणजे जे वाचवायला धडपडलो तेच गेलं.

मासे पकडताना

टबात वीतभर पाणी, हवा आणि फिल्टर सुरू झाल्यावरच माशांना हात घाला. टाकीतलं पाणी एक तृतीयांशावर आलेलं असू द्या, दगड, लाकूड, शोभेच्या वस्तू आधी बाहेर काढा. भरल्या टाकीत जाळी घेऊन पाठलाग केला तर मासे दमतात आणि खवले जातात. खोलीतला दिवा मंद करा. दोन जाळ्या घ्या, एक स्थिर धरा, दुसरीने मासा हळू तिच्याकडे वळवा.

सकरला जाळी वापरूच नका. पकडला की तो पंखांचे काटे ताठ करतो आणि ते जाळीत असे अडकतात की ओढलं तर पंख फाटतो. अडकलाच तर ओढाताण न करता जाळी माशासकट टबात बुडवून ठेवा, बहुतेक वेळा तो काटे मिटून स्वतःच सुटतो. नाहीच सुटला तर जाळी कात्रीने कापा, जाळी स्वस्त आहे. सकर आणि कोरी (कोरीडोरस) माशांसाठी प्लॅस्टिकचा डबा बरा. डबा आडवा धरून माशाला काचेच्या कडेने आत सरकवा आणि पाण्यासकट उचला. मोठ्या ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नलाही हेच, डबा मोठा घ्या इतकंच.

कोण कुणाबरोबर हे आधी ठरवा. फायटरचा नर एकटा. फ्लॉवरहॉर्न एकटा. एरवी गुण्यागोविंदाने राहणारे एंजल लहान जागेत, आडोसा नसताना एकमेकांवर धावून जातात. त्यांना टाकीतलीच झाडं किंवा कुंडीचं उलटं खापर द्या. पिल्लं असतील तर छिद्रं पाडलेला डबा त्याच टबात तरंगता ठेवा.

टबावर झाकण हवंच. अनोळखी जागी मासे उड्या मारतात आणि अरोवाना तर मारणारच. मच्छरदाणीचा तुकडा ताणून दोरीने बांधा. वर अर्धी बाजू चादरीने झाका, मासे लवकर शांत होतात. दिवा लावायचा नाही.

हवा, वीज, तापमान

२५ अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मि.ग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. मे महिन्यात कोंदट खोलीतल्या टबात हा फरक जाणवतो. एअर पंप दोन मिळाले तर दोन लावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

इन्व्हर्टरवर घरातला निदान एक पॉइंट एअर पंपासाठी राखा, त्याला वीज नगण्य लागते. सेलवर चालणारा छोटा पंप दुकानात मिळतो, तोही घेऊन ठेवा. ऐन वेळी तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. काहीच नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मगाने पाणी फूटभर उंचीवरून परत टबात ओता. कष्टाचं आहे, पण चालतं.

हीटर लागेलच असं नाही. मुंबई-कोकणात वर्षाचे बरेच महिने लागत नाही. पुण्या-नाशकाच्या थंडीत लागतो, लिटरला साधारण एक वॉट या हिशेबाने. तो प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकू देऊ नका, सच्छिद्र नळीत घालून आडवा ठेवा. उन्हाळ्यात उलट त्रास: पाणी ३१-३२ वर गेलं तर गोठवलेली पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवा, पण तासाला एक-दोन अंशांहून जास्त उतरवू नका.

दुसऱ्या दिवसापासून

पहिले दोन दिवस खायला काहीही घालू नका. निरोगी मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो, आणि जे पोटात जात नाही त्याचा अमोनिया होत नाही. आजीला, मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण टबाशेजारी खाद्याचा डबा दिसला की कुणीतरी चिमूट टाकतंच. पिल्लांना मात्र थोडं थोडं द्यावं लागतं. तिसऱ्या दिवसापासून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं.

अमोनियाचं टेस्ट किट घ्या. सगळ्या टेस्टमधली हीच या दिवसांत सगळ्यात कामाची. रोज एकदा बघा. ०.२५ पीपीएम (लिटरला ०.२५ मि.ग्रॅ.) दिसलं तर ३० टक्के पाणी बदला, ०.५ किंवा वर गेलं तर निम्मं. किट नसेल तर दिसण्याची वाट न बघता रोज २५-३० टक्के बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टबाच्याच तापमानाचं.

पीएच ठाऊक असेल तर धोका किती ते नीट कळतं. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे किटवरचा आकडा तोच आणि विष जवळजवळ दहापट. बोअरच्या कठीण पाण्यात मासे ठेवणाऱ्यांनी म्हणून ०.२५ लाच घाबरावं.

कल्ले लाल, मासे पृष्ठभागावर किंवा एअर स्टोनला चिकटून, पंख मिटलेले, ही लक्षणं दिसली की किट शोधत बसू नका, आधी निम्मं पाणी बदला. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं जाडं मीठ विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरी मासे किंवा नाजूक झाडं असतील तर निम्म्यावर थांबा. टाकीतली हायड्रिला, हॉर्नवर्ट अशी झाडं टबात तरंगत सोडा, तीही अमोनिया खातात.

रंगकाम, पेस्ट कंट्रोल, घर बदलणं

ही ठरवून येणारी संकटं आहेत, त्यामुळे आधी तयारी करता येते. दिवाळीआधी घराला ऑइल पेंट लागणार असेल तर टब दुसऱ्या खोलीत नुसता झाकून भागत नाही. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, थिनरच्या वाफेसकट. पंप खिडकीबाहेर ठेवा आणि लांब नळी आत घ्या, किंवा टबच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. झुरळ-डासांच्या फवाऱ्यांत आणि लिक्विड मशीनमध्ये जी पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात ती माशांना अतिशय विषारी आहेत. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी मासे घरात नसलेलेच चांगले.

घर बदलताना आदल्या दिवशी उपास, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, जमलं तर दुकानातून ऑक्सिजन भरून. फिल्टरचा मीडिया वेगळ्या डब्यात, पाण्याने भिजलेला पण बुडवलेला नाही, झाकण सैल.

टाकी दुरुस्त करून मासे परत

सुटलेल्या जागीच सिलिकॉनची बोटं फिरवून उपयोग नाही. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. आतली पूर्ण पट्टी ब्लेडने खरवडा, ॲसिटोनने पुसा आणि मग भरा. सिलिकॉन साधं, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं. पाकिटावर अँटी-फंगल किंवा बाथरूमसाठी असं लिहिलेलं नको, त्यातलं बुरशीनाशक माशांना मारक असतं. निदान ४८ तास सुकू द्या, मोठ्या टाकीला आठवडा. तडकलेल्या काचेवर सिलिकॉनचं ठिगळ लावू नका, काच बदला.

नंतर टाकी सपाट जागी, खाली वर्तमानपत्र अंथरून काठोकाठ भरा आणि २४ तास ठेवा. कागदावर ओलाचा डाग उमटला तर गळती कुठे आहे तेही कळतं. बादलीत दोन-तीन दिवस पडलेली खडी आत कुजलेली असते, अंड्यासारखा वास येतो. ती धुऊनच घाला. मग टबातलं पाणी, वर लागेल तेवढं नवं, फिल्टर सुरू, तापमान जुळलेलं, आणि शेवटी मासे: भित्रे आधी, दादागिरी करणारे सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्यांना जागा बळकावायला वेळ मिळत नाही. दिवा दुसऱ्या दिवशी लावा. आठवडाभर खाणं निम्मं आणि अमोनियाची टेस्ट चालू, कारण या धावपळीत जिवाणू थोडेफार गेलेलेच असतात.

टब लगेच रिकामा करू नका. निम्मं पाणी आणि स्पंजचा एक तुकडा ठेवून त्यात दोन दिवस हवा चालू राहू द्या. दुरुस्त केलेला सांधा पुन्हा गळतो तो बहुधा याच दोन दिवसांत.